रक्तदाबाचा आकडा नेमका कोणत्या उंचीवरचा?

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे चालले आहे हे इतर वाचकांनाही कळेल. पहिला भाग असा की, द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो हे आपण बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना शिकवता. मग उभ्या माणसाच्या पावलातील रक्तदाब दंडातल्या रक्तदाबापेक्षा बराच जास्त असायला हवा, तरीही डॉक्टर एकच आकडा कसा सांगतात? दुसरा भाग असा की, पावलात दाब खरोखर जास्त असेल तर छातीतले रक्त कमी दाबाकडून जास्त दाबाकडे वाहते कसे? आणि तिसरा भाग आपण स्वतः पाहिलेल्या प्रसंगाचा आहे. आपले वडील अतिदक्षता विभागात असताना पलंग उंच केला, तेव्हा मॉनिटरवरचा रक्तदाब सुमारे १५ ने वाढला. परिचारिकेने स्टँडवर अडकवलेली एक छोटी प्लास्टिकची डबी वर सरकवली आणि आकडा पूर्ववत झाला. उलट, नळी लावलेला हात उशीवर उचलून ठेवला तेव्हा मात्र आकडा जागचा हललाही नाही. उंचीचा परिणाम एकदा होतो आणि एकदा होत नाही, हे कसे?

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात माझे बरेचसे काम असे आकडे वाचण्याचे आणि ते खरे मानायचे की नाहीत हे ठरवण्याचे आहे. आपल्या तिन्ही शंका भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहेत. त्यांचे उत्तर एका प्रश्नात सामावलेले आहे: ज्या जागेचा दाब मला हवा आहे आणि ज्या जागी मोजणारे उपकरण आहे, त्या दोन जागांमध्ये उभा स्तंभ कशाचा आहे, रक्ताचा, सलाईनचा की हवेचा, आणि तो किती उंच आहे?

आधी हिशेबाचे माप ठरवू. रक्ताची घनता दर घनमीटरला सुमारे १०६० किलोग्रॅम आहे आणि पाऱ्याची सुमारे १३,६०० आहे. म्हणजे १० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ जवळपास ७.८ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देतो. सलाईन पाण्याहून किंचितच जड असल्यामुळे त्याच्या १० सेंटिमीटर स्तंभाचा दाब सुमारे ७.४ मिलिमीटर पारा भरतो. हवेच्या तेवढ्याच स्तंभाचा दाब मात्र एक मिलिमीटर पाऱ्याच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. शरीरातील दाबमापनाचे निम्मे गोंधळ या तीन आकड्यांतून सुटतात.

दुसरी पूर्वअट म्हणजे शून्य. आपण सांगतो तो रक्तदाब वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो. समुद्रसपाटीला मुंबईत वातावरणाचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर पारा असतो, तर सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात तो ७१० च्या आसपास असतो. म्हणून मुंबईहून पुण्याला आलेल्या माणसाचा रक्तदाब ५० ने उतरत नाही, कारण बाहेरचा दाब शरीरावर आणि मोजणाऱ्या यंत्रावर सारखाच पडतो आणि वजाबाकीत तो निघून जातो. उंचीचे तसे नाही. यंत्र एका उंचीवर आणि हृदय दुसऱ्या उंचीवर असेल, तर मधल्या स्तंभाचा दाब आकड्यात राहतोच.

ही जाण नवी नाही. इंग्लंडमधील धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात एका घोडीला उताणी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी आणि तिला जोडून उंच काचनळी बसवल्याचे वर्णन आहे. रक्त ८ फूट ३ इंच चढले. या आकड्याइतकीच मला महत्त्वाची वाटते ती त्यांनी उंची मोजण्यासाठी धरलेली खूण. नळी बसवली होती मांडीत, पण उंची सांगितली ती हृदयाच्या डाव्या निलयाच्या, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याच्या, पातळीपासून. पुढे १८२८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ प्वाझय यांनी पाऱ्याचा दाबमापक वापरला, १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वरचा (हृदय आकुंचन पावतानाचा) आणि खालचा (ते सैलावतानाचा) दाब ओळखण्याची रीत सांगितली. उपकरणे बदलत गेली. हृदयाची पातळी हीच शून्य उंची धरण्याचा संकेत मात्र टिकला. डॉक्टर १२०/८० म्हणतो तेव्हा ‘हृदयाच्या पातळीवर’ हे शब्द त्यात गृहीत असतात. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर एवढेच आहे.

आता पावलाचा हिशेब करू. १२०/८० रक्तदाबाचा सरासरी दाब सुमारे ९३ येतो. खालच्या दाबात दोन्ही आकड्यांमधील फरकाचा एक तृतीयांश मिळवला की हा आकडा मिळतो, कारण हृदयाच्या एका ठोक्यात विश्रांतीचा काळ अधिक असतो. प्रौढ माणूस उभा असताना त्याचे हृदय पावलापासून सुमारे १२० सेंटिमीटर वर असते. तेवढ्या रक्तस्तंभाचा दाब ९३–९४ मिलिमीटर भरतो. म्हणजे स्थिर उभ्या माणसाच्या पावलातील धमनीत सरासरी दाब १८५ च्या घरात असतो. आपली अपेक्षा बरोबरच होती. परंतु पावलातील शिरांमध्येही हृदयापर्यंतचा तोच स्तंभ उभा असतो, त्यामुळे तिथला दाबही ९० च्या आसपास पोहोचतो. धमनी आणि शिरा यांच्यातील फरक, जो ऊतींमधून रक्त ढकलतो, तो आडव्या माणसात होता तेवढाच राहतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर इथेच सुरू होते. प्रवाह जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, हे वाक्य आडव्या नळीपुरते खरे आहे. उभ्या नळीत प्रवाहाची दिशा एकूण ऊर्जा ठरवते आणि त्या ऊर्जेत दाब, उंचीमुळे असलेली स्थितिज ऊर्जा व वेगामुळे असलेली गतिज ऊर्जा हे तिन्ही भाग येतात. छातीतल्या रक्ताचा दाब कमी असला तरी ते उंचावर आहे. पावलाकडे उतरताना उंची जाते आणि दाब वाढतो. त्या देवाणघेवाणीत ऊर्जा नाहीशी होत नाही. ऊर्जा खर्च होते ती घर्षणात, तीही मुख्यतः बारीक धमनिकांमध्ये, आणि तोच खर्च हृदय दर ठोक्याला भरून काढते.

तरीही शरीर म्हणजे काचेच्या नळ्यांचे जाळे नव्हे. पावलातल्या शिरांचा ९० चा दाब दिवसभर तसाच राहिला तर केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून पाय सुजतील, आणि जे लोक तासन्‌तास एका जागी उभे राहून काम करतात त्यांच्या बाबतीत थोड्याफार प्रमाणात तेच होते. चालू लागले की पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात, शिरांतील झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत, उंच स्तंभाचे लहान लहान तुकडे पडतात आणि घोट्याजवळचा शिरेतील दाब ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. झडपा निकामी झालेल्या माणसात तो असा उतरत नाही. पायाच्या शिरा फुगण्याचा आणि घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमांचा आजार तिथून सुरू होतो. आणखी एक बाब भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. निरोगी माणूस आडवा असला तरी त्याच्या घोट्यातला वरचा दाब दंडातल्यापेक्षा थोडा जास्तच भरतो. हा फरक उंचीचा नसतो. नाडीची लाट दूरच्या धमन्यांमध्ये परावर्तित होऊन तिचे शिखर उंचावते. म्हणून पायाचा रक्तपुरवठा तपासण्यासाठी घोटा आणि दंड यांच्या दाबांचे गुणोत्तर काढताना रुग्णाला आवर्जून आडवे करतात, नाहीतर उंचीचा आणि लाटेचा असे दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळतील.

आता मोजण्याकडे येतो. दंडाला पट्टा बांधून दाब घेतो तेव्हा पट्ट्यात आणि त्याच्या रबरी नळीत हवा असते. हवेच्या स्तंभाचे वजन नगण्य असल्यामुळे यंत्र टेबलावर आहे, जमिनीवर आहे की भिंतीवर टांगलेले आहे, याने काहीही फरक पडत नाही. पाऱ्याचे यंत्र डोळ्यांच्या पातळीवर ठेवायला सांगत, ते वाचनातील तिरकेपणाची चूक टाळण्यासाठी; तेच हृदयाच्या पातळीवर हवे असा समज मी चांगल्या शिकलेल्या माणसांतही पाहिला आहे. फरक पडतो तो पट्ट्याच्या उंचीने, कारण पट्टा आणि हृदय यांच्यामध्ये धमनीतल्या रक्ताचा स्तंभ असतो. पट्टा १० सेंटिमीटर खाली गेला की आकडा सुमारे ८ ने वाढतो. वर गेला की तेवढ्याने घटतो.

व्यवहारात ही चूक किती होते? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टेबलावर नीट टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवर ठेवलेल्या हातात वरचा दाब सरासरी ३.९ ने आणि बाजूला लोंबणाऱ्या हातात ६.५ ने जास्त भरला. सूत्रावरून काहींना याहून मोठा फरक अपेक्षित असेल. पण पट्टा मनगटावर नसून दंडाच्या मध्यावर असतो आणि हात लोंबला तरी दंडाचा मध्य हृदयाच्या पातळीपासून फार खाली जात नाही. मनगटाच्या यंत्राचे मात्र तसे नाही. बसलेल्या माणसाने मनगट मांडीवर ठेवून मोजले तर ते हृदयाच्या २५ ते ३० सेंटिमीटर खाली असू शकते आणि एकट्या उंचीपोटी २० च्या आसपास वाढ दिसते. एवढ्या फरकावर माणसाला आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते.

कुशीवर झोपलेल्या रुग्णाच्या बाबतीत हाच प्रकार दुहेरी होतो. वरचा दंड हृदयाच्या वर आणि खालचा दंड हृदयाच्या खाली जातो. दोन्हींत ३० सेंटिमीटरचे अंतर असेल तर दोन हातांच्या आकड्यांत २३ चा फरक पडतो आणि दोन्ही आकडे ‘चूक’ नसतात. प्रत्येक आकडा आपापल्या उंचीवर खरा असतो. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला कुशीवर वळवताच रक्तदाब एकदम ‘पडला’ म्हणून औषध देण्यापूर्वी पट्टा कोणत्या हातावर आहे हे पाहायचे, ही सवय मी नव्या निवासी डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात लावतो.

पट्ट्याच्या रुंदीबद्दल थोडेच सांगतो, कारण तो द्रवाच्या स्तंभाचा नव्हे तर ऊतींमधून दाब पोहोचण्याचा प्रश्न आहे. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी. पट्टा अरुंद असेल तर त्याचा दाब खोलवरच्या धमनीपर्यंत पूर्ण पोहोचत नाही, पट्टा अधिक फुगवावा लागतो आणि आकडा खोटा जास्त येतो.

आता आपल्या वडिलांच्या मॉनिटरकडे वळू. अतिदक्षता विभागात ठोक्यागणिक रक्तदाब हवा असतो तेव्हा मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालतात. आम्ही तिला आर्टिरियल लाइन म्हणतो. ती नळी सलाईनने भरलेल्या लांब आणि कडक नळीला जोडलेली असते आणि त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला आपण पाहिलेली डबी असते. ती डबी म्हणजे ट्रान्सड्यूसर. तिच्यातला पातळ पडदा दाबाने वाकतो आणि त्या वाकण्याचे विद्युतसंकेतात रूपांतर होते. इथे नळीत हवा नसून सलाईन आहे, म्हणून पट्ट्याच्या यंत्राला लागू असलेला नियम नेमका उलटतो. धमनीतले टोक कुठे आहे याला महत्त्व राहत नाही. डबी कुठे आहे याला येते.

हात उशीवर ३० सेंटिमीटर उचलला असे समजा. मनगटातील धमनीचा दाब हृदयाच्या पातळीपेक्षा २३ ने खरोखरच कमी होतो. पण मनगटापासून हृदयाच्या पातळीवरील डबीपर्यंत ३० सेंटिमीटरचा सलाईनचा स्तंभ खाली उतरतो आणि तो २२ परत मिळवून देतो. उरतो तो रक्ताच्या आणि सलाईनच्या घनतेतला फरक, म्हणजे जेमतेम १. तो लाटांच्या चढउतारात दिसतही नाही. याउलट पलंग २० सेंटिमीटर वर केला आणि डबी स्टँडवर होती तिथेच राहिली, तर हृदयापासून डबीपर्यंत २० सेंटिमीटरचा जादा स्तंभ तयार होतो आणि मॉनिटर १५ ने जास्त दाखवतो. रुग्णाच्या शरीरात काहीही बदललेले नसते. परिचारिकेने डबी वर सरकवून तो स्तंभ काढून टाकला, एवढेच. गवंडी दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण करण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. मधली नळी कशीही लोंबली तरी त्यांना चिंता नसते, कारण दोन टोकांच्या पातळ्यांशीच त्यांचे काम असते. हे तत्त्व तेच आहे.

इथे एक बारकावा आहे आणि अनुभवी माणसेही त्यात फसतात. डबी ‘शून्य करणे’ आणि डबी ‘पातळीवर आणणे’ या दोन वेगळ्या कृती आहेत. शून्य करताना आपण डबीवरची तोटी हवेला उघडून मॉनिटरला सांगतो की, हा वातावरणाचा दाब आहे, याला शून्य मान. पातळीवर आणताना आपण ती तोटी शरीरावरच्या ठरलेल्या खुणेच्या उंचीला नेतो. आडव्या रुग्णात ही खूण छातीच्या बाजूला, चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीच्या रेषेत, छातीच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांच्या मध्यावर धरतात. उजव्या अलिंदाची, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याची, पातळी साधारण तिथे येते. शून्य अचूक करूनही पातळी चुकली तर आकडा चुकतो आणि दर तासाला निष्ठेने शून्य करत राहिल्याने ती चूक दुरुस्त होत नाही.

रक्तदाबात ७–८ चा फरक बऱ्याचदा खपून जातो; हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतील दाबात तो खपत नाही. या दाबाला आम्ही सीव्हीपी म्हणतो आणि निरोगी माणसात तो साधारण २ ते ८ मिलिमीटर पारा एवढाच असतो. डबी १० सेंटिमीटर खाली राहिली तर ३ चे १० होतात. शरीरात पाणी कमी पडलेल्या रुग्णाला पाणी जास्त झाले असे दिसू लागते. एककांचाही घोटाळा इथेच होतो, कारण अनेक वॉर्डांमध्ये हा दाब साध्या उभ्या नळीने सेंटिमीटर पाण्यात मोजत आणि मॉनिटर तो मिलिमीटर पाऱ्यात दाखवतो. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ७.४ मिलिमीटर पारा. माझ्या मते रुग्णालयातील सर्व आकड्यांत सर्वांत जास्त विश्वासाने आणि सर्वांत कमी काळजीने वाचला जाणारा आकडा हाच आहे. तो एकदा वाचून त्यावरून सलाईनचे प्रमाण ठरवणे मला मान्य नाही. तो काही तासांत कसा बदलतो एवढेच मी पाहतो, तेही डबी जागची हललेली नाही याची खात्री करून.

याच दाबाचा अंदाज बिनखर्चात घेण्याची जुनी रीत म्हणजे मानेतील शिरा पाहणे. रुग्णाला ४५ अंशांत रेलवून बसवले की फुगलेल्या शिरेतील रक्तस्तंभाचे टोक दिसते. ते टोक छातीच्या हाडावरील उंचवट्यापासून किती सेंटिमीटर वर आहे हे मोजतात आणि त्यात ५ मिळवतात, कारण तो उंचवटा उजव्या अलिंदाच्या साधारण ५ सेंटिमीटर वर असतो असे धरलेले आहे. इथे काचनळीची जागा शरीरानेच घेतलेली आहे.

मानेच्या त्याच शिरा आपल्याला पुढच्या अडचणीत नेतात. उभ्या किंवा बसलेल्या माणसात स्तंभाच्या टोकावरच्या शिरा मिटून जातात, कारण आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि त्यांच्या भिंती मऊ असतात. कवटीच्या आतील शिरामार्ग मात्र कडक आवरणाला ताणून धरलेले असतात. ते मिटत नाहीत आणि त्यांच्यातला दाब वातावरणाच्याही खाली जाऊ शकतो. रुग्णाला बसवून मेंदूची शस्त्रक्रिया करताना असा मार्ग उघडा पडला तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. भूलतज्ज्ञ अशा शस्त्रक्रियेत हृदयावर डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारे उपकरण) लावून बसतो तो याच भीतीपोटी.

खांद्याची शस्त्रक्रियाही अनेकदा रुग्णाला जवळपास बसवून करतात. दंडावरचा सरासरी दाब ६५ आहे, म्हणजे ठीक आहे, असे समजून चालणाऱ्याने कानाच्या छिद्राची उंची पाहावी. ते हृदयाच्या २५ सेंटिमीटर वर असेल तर मेंदूच्या तळाशी येणारा सरासरी दाब ४५ च्या आसपास आहे. दोन्ही हात वापरता येत नाहीत म्हणून पट्टा पोटरीला बांधला असेल तर पोटरी आणि मेंदू यांच्यात ८० सेंटिमीटर किंवा अधिक अंतर पडते आणि ६० हून अधिक मिलिमीटर वजा करावे लागतात. पोटरीवर सरासरी १०० दिसत असताना मेंदूला ४० सुद्धा मिळत नसतील. बसलेल्या स्थितीतील अशा शस्त्रक्रियांनंतर मेंदूला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

याला एक प्रतिवाद आहे आणि तो भौतिकशास्त्रातूनच येतो. रक्ताभिसरण ही बंद साखळी आहे, म्हणून मेंदूकडे चढणाऱ्या रक्ताचा तोटा उतरणारे रक्त सायफनप्रमाणे, म्हणजे उलट्या U आकाराच्या भरलेल्या नळीत उतरणारे पाणी चढणाऱ्याला ओढते तसे, भरून काढते. मग उंची वजा कशाला करायची? सायफनसाठी उतरणारी नळी उघडी राहावी लागते आणि मानेच्या मुख्य शिरा तर मिटलेल्या असतात. कण्याभोवतीच्या शिरांचे जाळे मात्र उघडे राहते, त्यामुळे वाद पूर्णपणे निकालात निघत नाही. परंतु सायफन चालो वा न चालो, वरच्या टोकाला नळीतला दाब कमी असतो यात शंका नाही. जिराफाच्या हृदयाजवळचा सरासरी रक्तदाब माणसाच्या सुमारे दुप्पट, २०० च्या घरात असतो; सायफनने सगळे भागले असते तर त्या हृदयाला एवढे श्रम पडले नसते. मी उंची वजा करतो. मेंदूतून रक्त ढकलणाऱ्या दाबाचा हिशेब करताना, म्हणजे धमनीतील सरासरी दाबातून कवटीतील दाब वजा करताना, दोन्ही दाबांच्या डब्या कानाच्या छिद्राच्या पातळीवर ठेवतो. एक हृदयाशी आणि दुसरी कानाशी असेल, तर डोके ३० अंश वर केलेल्या रुग्णात १० किंवा त्याहून अधिकाची तफावत गुपचूप शिरते.

आतापर्यंत वेगाचा विचार केला नाही, कारण बहुतेक ठिकाणी तो नगण्य असतो. महाधमनीत रक्ताचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १ मीटर असतो. अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग केले की ५३० पास्कल, म्हणजे फक्त ४ मिलिमीटर पारा येतात. पण हा ४ फार उपयोगाचा निघाला. अरुंद झालेल्या झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल, तर झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक ४ गुणिले ४ चा वर्ग, म्हणजे ६४ होतो. हृदयाच्या सोनोग्राफीत छातीवरून डॉप्लरने वेग मोजायचा, वर्ग करून चौपट करायची आणि हृदयात नळी न घालता दाबाचा फरक सांगायचा, ही रीत १९७० च्या दशकात नॉर्वेमधील संशोधकांनी रूढ केली. महाधमनीच्या झडपेतील वेग ४ मीटर किंवा अधिक असेल तर आजार तीव्र मानतात. याची मर्यादा अशी की, झडपेच्या आधीचाच वेग जास्त असेल तर तो वजा करावा लागतो, आणि ध्वनिलहरींचा किरण प्रवाहाच्या रेषेत नसेल तर वेग कमी मोजला जातो. वर्गामुळे ती चूक आणखी वाढते. हृदयात नळी घालून काढलेला फरक ५० आणि डॉप्लरचा ६४ आला, तर नातेवाईक विचारतात की कोणते मशीन बिघडले आहे. दोन्ही ठीक असतात. डॉप्लर एकाच क्षणाचा सर्वांत मोठा फरक सांगतो. नळीने बहुधा दोन वेगवेगळ्या क्षणी येणाऱ्या दोन शिखरांमधले अंतर सांगितलेले असते.

मॉनिटरवरच्या लाटेविषयी एकच सूचना. सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला की तो दर ठोक्याला आक्रसतो, लाट बोथट होते, वरचा दाब कमी आणि खालचा दाब जास्त दिसतो. सरासरी दाब त्यामानाने टिकून राहतो, म्हणून लाट संशयास्पद असेल तेव्हा आम्ही सरासरीवर विसंबतो.

हे सारे वर्गात दाखवायचे असेल तर मनगटाचे डिजिटल यंत्र घ्या. दंडाच्या यंत्रापेक्षा त्याला उंचीचा मोठा पल्ला मिळतो. काही यंत्रांत मनगट हृदयाच्या पातळीवर नसेल तर मोजायला नकार देणारा संवेदक असतो, तसा नसलेला नमुना निवडा. विद्यार्थ्याला पाच मिनिटे शांत बसवा, छातीवर हृदयाच्या उंचीची खूण करा आणि हाताला प्रत्येक वेळी पुस्तकांच्या चळतीचा आधार द्या, कारण विद्यार्थ्याने हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरला तर स्नायूंच्या श्रमानेच रक्तदाब वाढतो. खुणेच्या २० सेंटिमीटर वरपासून ३० सेंटिमीटर खालपर्यंत, प्रत्येक उंचीला तीन वेळा, मध्ये मिनिटभर थांबून मोजा आणि खालच्या व वरच्या दाबाच्या सरासरीवरून आलेख काढा. रेषेचा चढ दर १० सेंटिमीटरला ८ च्या आसपास यायला हवा. त्याला पाऱ्याच्या घनतेने गुणून १०० मिलिमीटरने भागले की हाती येते ती विद्यार्थ्याच्या रक्ताची घनता. यंत्राचीच चूक दोन-तीन मिलिमीटरची असल्यामुळे उत्तर ९०० आले किंवा १२०० आले तरी प्रयोग फसला असे समजू नका. चूकपट्टी (मोजमापातील संभाव्य चुकीचा पल्ला दाखवणारी रेघ) आलेखावर काढायला लावा आणि १०६० तिच्यात बसतो का ते पाहा.